कवडशाचा आकार कोण ठरवतो?

वाचकांचे प्रश्न : प्रकाशाचे प्रयोग

शाळा-महाविद्यालयांतल्या प्रकाशाच्या प्रयोगांबद्दल या महिन्यात पाच पत्रे आली आणि योगायोगाने पाचही किनाऱ्यावरची आहेत. वरवर विषय निरनिराळे असले तरी सर्वांची अडचण एकच आहे : वहीत काढलेली किरणाकृती आणि टेबलावर प्रत्यक्ष पडलेला प्रकाश यांचे नाते काय? म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (एक पालक, मालवण) : मुलगी आठवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही दोघांनी चार रात्री जागून थर्माकोलचे दीपगृह केले आणि आत फिरणारा दिवाही बसवला. परीक्षकांनी ‘दिसायला छान आहे, पण हे मॉडेल नव्हे’ असा शेरा दिला. मग मॉडेल म्हणजे काय?

उत्तर : शेरा तुसडा आहे, पण चुकीचा नाही, परीक्षकांनी आणखी दोन वाक्ये बोलण्याची तसदी घ्यायला हवी होती. आपण केली ती दीपगृहाची प्रतिकृती. विज्ञानात ज्याला मॉडेल किंवा प्रारूप म्हणतात ते मूळ वस्तूसारखे दिसण्याची गरजच नसते. त्याला प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याने दिलेले उत्तर मोजून ताडता आले पाहिजे.

दीपगृह मोडू नका. दिव्यापुढे १० सेंमी नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग बसवा आणि मुलीला आधी कागदावर किरण काढू द्या. दिवा नाभीवर असेल तर झोत समांतर निघेल, आणि दिवा भिंगापासून १२ सेंमीवर नेला तर झोत ६० सेंमीवर एकवटून पुढे पसरेल, असे तिची आकृती सांगेल. मग पुठ्ठा धरून पाहा. ६० सेंमीचे भाकीत बरेचसे खरे ठरेल. समांतर झोताचे मात्र ठरणार नाही, कारण आकृतीतला दिवा हा बिंदू आहे आणि आपल्या दिव्याचा उजळ भाग असेल ५ मिमीचा. त्यामुळे झोत दर मीटरमागे ५ सेंमीने रुंदावत जाईल. ही फट कोठून आली ते शोधून दिव्याच्या दोन्ही कडांपासून किरण काढले की मुलीचे प्रारूप एक पायरी वर चढले. (खऱ्या दीपगृहातले भिंग पायऱ्यापायऱ्यांचे का असते, हेही ती विचारील. प्रकाश वळतो तो काचेच्या पृष्ठभागापाशी, मधल्या जाडीत नव्हे; म्हणून फ्रेनेलने १८२०च्या दशकात मधली बिनकामाची काच काढूनच टाकली.)

प्रश्न (माध्यमिक शिक्षिका, गुहागर तालुका) : दहावीच्या काचेच्या चिपेच्या प्रयोगात मुले पाच रीडिंग घेतात आणि पाचही वेळा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती वळवते ते सांगणारा आकडा) १.५ आणतात. आकडे बसवलेले असतात हे मला दिसते. विचारले तर ‘बाई, नाहीतर मार्क जातात’ असे उत्तर येते. हा प्रयोग करून घ्यावा तरी कसा?

उत्तर : मुलांवर रागावू नका, आकडे बसवण्याची परंपरा त्यांच्याहून फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने हवेतून पाण्यात जाणाऱ्या प्रकाशाचे कोन नोंदवले. १० अंशांना ८, २० ला साडेपंधरा, ३० ला साडेबावीस असे करत ८० ला ५०. लागोपाठच्या कोनांतला फरक पाहावा तर साडेसात, सात, साडेसहा, सहा असा दर वेळी बरोबर अर्ध्या अंशाने उतरतो. हाताने घेतलेली मापे इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. पाण्यासाठी ८० अंशांना खरे उत्तर साडेसत्तेचाळीसच्या आसपास येते. टॉलेमीच्या मनात एक नियम होता आणि नोंदी त्याच्या सोयीने सरळ झाल्या, असेच म्हणावे लागते. आपल्या वर्गात घडते ते हेच, फक्त नियम मुलांचा नसून पाठ्यपुस्तकाचा असतो.

म्हणून पहिली गोष्ट ही की, उत्तर आधी सांगू नका. स्नेलचा नियम (आपतन आणि अपवर्तन या दोन कोनांच्या साइनचे गुणोत्तर कायम राहते, हा साइनचा नियम) फळ्यावर येण्यापूर्वी चीप टेबलावर येऊ द्या. मुलांनी ३० अंशांचा एकच आपतन कोन घ्यावा. अपवर्तन कोन साडेएकोणीसच्या आसपास मिळेल. आता विचारा, ६० अंशांना किती मिळेल? बहुतेक जण ‘दुप्पटीला दुप्पट’ म्हणून ३९ सांगतील. हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. ‘दोन्ही कोन एकमेकांच्या प्रमाणात असतात’ हे एक रीतसर प्रारूप आहे. ते वहीच्या डाव्या पानावर शाईने लिहून घ्या आणि त्याच नियमाने ७५ अंशांचे भाकीतही लिहून घ्या. ते येते सुमारे ४९. मग मोजू द्या. ६० ला ३५ आणि ७५ ला ४० च्या आसपास आकडे येतील. शाई खोडता येत नाही, त्यामुळे डाव्या पानावरचे ४९ आणि उजव्या पानावरचे ४० एकमेकांसमोर उभे राहतात, आणि ‘असे का?’ हा प्रश्न बाईंना विचारावा लागत नाही.

येथे कोनांची निवड फार महत्त्वाची आहे. १५ अंशांना अपवर्तन कोन जवळजवळ १० येतो. कोनमापकावर एका अंशाची चूक धरली तर तो ९ ते ११ मध्ये कोठेही असू शकतो, म्हणजे दोन कोनांचे गुणोत्तर १.३६ ते १.६७ मध्ये काहीही निघू शकते. एवढ्या धूसर आकड्यांतून प्रमाणाचा नियम खरा की साइनचा, हे कोणालाही सांगता येणार नाही. लहान कोनांना दोन्ही नियम जवळपास सारखेच बोलतात. त्यांचे भांडण लागते ते ५० अंशांच्या पुढे. तरीही कितीतरी प्रयोगवह्यांत ३०, ३५, ४०, ४५ असेच कोन छापलेले असतात. मुलांना मोठे कोन घ्यायला लावा. सगळ्या नोंदी झाल्यावर आपतन कोनाची साइन आणि अपवर्तन कोनाची साइन यांचा आलेख काढला की आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा मिळते, आणि ती मिळण्यापूर्वी एक वाकडी रेषा पाहिलेली असल्यामुळे तिची किंमत कळते. प्रकाशशास्त्रावर एवढे लिहिणाऱ्या केप्लरलाही हा नियम सापडला नव्हता. बगदादच्या इब्न सहलला तो ९८४ मध्ये माहीत होता आणि युरोपात स्नेलने तो १६२१ मध्ये मांडला. दहावीच्या मुलाला तो चाळीस मिनिटांत स्वतःहून सुचावा अशी अपेक्षा ठेवू नका. प्रमाणाचा नियम कोठे मोडतो ते त्याला दाखवता आले तरी तास सत्कारणी लागला.

चुकांचा शोध घ्यायचा तो किरणाची रेघ ठरवण्यासाठी पाटावर टोचलेल्या टाचण्यांपाशी. दोन टाचण्यांत ५ सेंमी अंतर असेल आणि एक टाचणी मिलिमीटरभर सरकली तर कोनात एक अंशाहून थोडी अधिक चूक होते. अंतर १० सेंमी केले की ती निम्मी होते. मुले टाचणीच्या डोक्याकडे पाहून रेघ जुळवतात, ती बुडाकडे पाहून जुळवली पाहिजे. आपल्याकडच्या हवेत पाट फुगलेला असतो आणि टाचणी तिरकी घुसते, त्यामुळे डोके आणि बूड यांत सहज दोन मिलिमीटरांचा फरक पडतो. मुलांना ही कारणे यादीसारखी पाठ करायला न देता टाचणी मुद्दाम एक मिलिमीटर सरकवून उत्तर किती बदलते ते मोजायला लावा.

गुणांचे म्हणाल तर, अंतर्गत मूल्यमापनात एक गुण शाईने लिहिलेल्या भाकिताला आणि एक भाकीत व मोजमाप यांतल्या फरकाच्या कारणाला ठेवून पाहा. १.५ आणण्याचा हट्ट आपोआप सुटेल. शिवाय कपाटातल्या काही चिपा आता काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात, त्यांचा अपवर्तनांक १.४९ असतो, साध्या काचेचा १.५२. तेव्हा ‘बरोबर’ उत्तर नेमके कोणते, हे आपल्यालाही चीप हातात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठात डेव्हिड हेस्टनीस आणि माल्कम वेल्स यांनी १९८०च्या दशकापासून भौतिकशास्त्राचे अध्यापनच या क्रमाने बसवले : गट आपले प्रारूप छोट्या पांढऱ्या फळ्यावर मांडतो, गोल बसलेला वर्ग त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारतो, आणि शिक्षक शक्य तितके गप्प राहतात. पांढऱ्या फळ्याची सोय नसेल तर जुन्या दिनदर्शिकेची पाठ चालते. गप्प राहणे तेवढे अवघड जाते.

प्रश्न (शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, राजापूर तालुका) : आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्यात दोन आरसे आणि बुरशी धरलेले एक भिंग. सातवीला प्रकाशाचा कोणता प्रयोग देता येईल, जो नुसता पाहण्याचा नसून विचार करण्याचा असेल?

उत्तर : भिंग कपाटातच राहू द्या. एक आरसा पुरेसा आहे, आणि दुसरे साहित्य आपल्या मुलांच्या घरांत आहेच : कौलांतून शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडणारे कवडसे.

कवडसा गोल का असतो, हे मुलांना विचारा. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी ‘भोक गोल म्हणून कवडसा गोल’ असे वर्गात ठासून सांगितले होते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, आमचं कौल फुटलंय, भोक पार वाकडंतिकडं आहे, तरी कवडसा गोलच पडतो.’ त्या दिवशी तास माझ्या हातातून गेला आणि मला वाटते, तेव्हापासूनच मी शिकवू लागलो.

आरशावर काळा कागद चिकटवा आणि त्यात प्रत्येक बाजू सुमारे ५ मिमी असलेले त्रिकोणी भोक कापा. आरसा उन्हात धरून त्याचा कवडसा दारातून अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडा. त्याआधी प्रत्येकाने वहीत दोन चित्रे काढलेली असावीत : भिंत वीतभर अंतरावर असताना कवडसा कसा दिसेल आणि १० मीटरवर असताना कसा दिसेल. बहुतेक मुले दोन्हीकडे त्रिकोण काढतात, दूरचा थोडा मोठा. प्रत्यक्षात वीतभर अंतरावर त्रिकोणच दिसतो; अर्ध्या मीटरवर त्याचे कोपरे बोथट होतात; आणि १० मीटरवर जवळजवळ १० सेंमीचे स्वच्छ वर्तुळ उमटते. मुले आरशाकडे धावतात, कोणी भोक बदलले का ते पाहायला.

आता पेन्सिल हाती घ्यायची. मुलांच्या आकृतीत सूर्य हा एक ठिपका आहे. ठिपक्यातून आलेला प्रकाश भोकाचाच आकार भिंतीवर पाडील, हे त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. पण सूर्य ही चकती आहे आणि तिच्यावरचा प्रत्येक ठिपका भिंतीवर आपापला त्रिकोण पाडतो. हे हाताने करून पाहता येते. पुठ्ठ्याचा एक लहान त्रिकोण कापा. आधी रुपयाच्या नाण्याभोवती तो जागोजागी ठेवून गिरवा, मग तोच त्रिकोण जेवणाच्या थाळीभोवती गिरवा. नाण्याभोवती त्रिकोणांचा गठ्ठा त्रिकोणीच दिसतो. थाळीभोवती वर्तुळ उमटते आणि त्रिकोण नुसत्या कडेच्या खरखरीत उरतात. भिंत जवळ असते तेव्हा सूर्याचे चित्र नाण्याएवढे, दूर असते तेव्हा थाळीएवढे, एवढाच फरक आहे.

मोजमापही अवघड नाही. २, ४, ६, ८, १० मीटरवर कवडशाची रुंदी मोजून आलेख काढा. पुठ्ठा मात्र झोताला काटकोनात धरा, नाहीतर कवडसा लांबट होईल. रेषा सरळ येते. शून्य अंतराला ती शून्यावर न येता भोकाच्या आकाराजवळ येते, आणि तिचा चढ सुमारे १०८ ला १ असतो. हा चढ शाळेचा नाही, आरशाचा नाही, भोकाचाही नाही, तो सूर्याचा आहे. सूर्य १५ कोटी किलोमीटर दूर आहे एवढे सांगितले की सातवीची मुले भागाकार करून त्याचा व्यास १४ लाख किलोमीटरच्या आसपास काढतात. कवडशाची कड पुसट असल्याने रुंदी पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होईल. ती प्रत्येकाने आपापली लिहावी, एकमेकांची पाहून जुळवू नये.

एक सूचना : आरशाचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर जाता कामा नये, आणि सूर्याकडे थेट पाहायचे नाही. हा प्रयोग दिवाळीनंतर घ्या. जून ते सप्टेंबर त्याच्या नादी लागू नये.

प्रश्न (कनिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापक, रत्नागिरी) : दहावीपर्यंत प्रकाश म्हणजे सरळ जाणारे किरण असतात. बारावीला तरंगसिद्धान्त, म्हणजे प्रकाश हा तरंग आहे हे प्रारूप, सुरू केला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, ‘मग दहावीला आम्हाला खोटं शिकवलं का?’ याला काय उत्तर द्यावे?

उत्तर : खोटे शिकवले नाही, पण ‘हे कोठपर्यंत चालते’ हे सांगायचे राहून गेले. जयगडहून तवसाळला फेरीबोट नेणारा माणूस पाणी सपाट धरून चालतो तेव्हा तो चुकत नसतो. मात्र क्षितिजावरून येणाऱ्या गलबताची डोलकाठी आधी आणि बूड मागाहून का दिसते, हे त्याला सपाट पाण्याने सांगता येणार नाही.

किरणांचे पाणी कोठे संपते ते एका केसाने दाखवता येते. लाल लेझर पॉइंटरच्या तोंडावर डोक्याचा एक केस उभा चिकटवा आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर ठिपका पाडा. (पॉइंटर एक मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा असावा आणि डोळ्यांच्या पातळीवर धरू नये.) किरणाकृती सांगते की ठिपक्याच्या मधोमध एक बारीक काळी रेघ दिसेल आणि बाजूला काही नसेल. विद्यार्थ्यांनी हे आधी लिहून द्यावे. भिंतीवर दिसते ते असे : केस उभा असताना ठिपक्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना लाल तुकड्यांची आडवी माळ पसरलेली आणि तुकड्यांमध्ये काळोखाच्या फटी. जेथे एकही किरण पोचायला नको तेथे उजेड आहे. मिरकरवाड्याच्या बंधाऱ्याच्या तोंडातून आत शिरलेली लाट जशी बंधाऱ्याच्या आडोशालाही वळते, तसेच हे आहे.

आता नव्या प्रारूपाचीही परीक्षा घ्या, नाहीतर ते नुसते एका जागी दुसरे ठेवणे होईल. तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, अंतर ३ मीटर आणि लागोपाठच्या काळ्या फटींत २.८ सेंमी अंतर असेल तर (तरंगलांबीला भिंतीच्या अंतराने गुणून फटींतल्या अंतराने भागले की) केसाची जाडी ७० मायक्रोमीटर निघते. तोच केस स्क्रू गेजमध्ये धरा, ०.०७ मिमीच्या आसपास आकडा यायला हवा. दुसऱ्या विद्यार्थ्याचा केस घ्या, फटींमधले अंतर बदलेल. जाड केसाला ते कमी होते, हे पुष्कळांना उलटे वाटते.

काचेची चीप मात्र या वादात मुकी आहे, हेही वर्गात सांगण्यासारखे आहे. न्यूटनचे कण घ्या किंवा तरंग घ्या, साइनचा नियम दोन्हींतून निघतो. फरक एवढाच की कणांच्या हिशेबाने प्रकाश पाण्यात वेगाने धावायला हवा आणि तरंगांच्या हिशेबाने सावकाश. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने १८५० मध्ये तो पाण्यात सावकाश जातो हे दाखवले. कोणता प्रयोग कोणत्या दोन प्रारूपांत निवाडा करू शकतो आणि कोणता करू शकत नाही, हे बारावीच्या विद्यार्थ्याला सांगता येत नसेल तर त्याच्या प्रयोगवहीतल्या सह्यांना फारसा अर्थ नाही.

प्रश्न (एक वाचक, देवगड तालुका) : विजयदुर्ग किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या कट्ट्या’वरून १८६८ मध्ये लॉकियरसाहेबांनी हेलियमचा शोध लावला, असे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. हे खरे आहे ना? आणि शाळेच्या सहलीत त्याचा उपयोग कसा करावा?

उत्तर : अर्धे खरे आहे आणि उरलेले अर्धे दुरुस्त केले तर गोष्ट अधिक चांगली होते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांतून आलेल्या तेजस्वी रेषा त्यांनी वर्णपटदर्शकातून पाहिल्या. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते आणि त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला ग्रहण नसतानाही तशा रेषा पाहण्यात यश मिळवले. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेजवळ होती, पण तिच्यावर बसत नव्हती : सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ वर.

‘प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात’ हे प्रारूप तेव्हा नवे होते. ते पुढे ताणले तर अनोळखी रेषा म्हणजे अनोळखी मूलद्रव्य. लॉकियरनी तसे म्हटले आणि त्याला सूर्याचे नाव दिले. रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना तो वायू पृथ्वीवरच्या एका युरेनियमयुक्त खनिजातून १८९५ मध्ये मिळाला. सहलीत मुलांना गोष्टीचा एवढाच भाग सांगून थांबू नका. पुढच्याच वर्षीच्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडलात (त्याच्या सर्वांत बाहेरच्या वातावरणात) ५३०.३ नॅनोमीटरवर एक हिरवी रेषा दिसली, त्याच तर्काने ‘कोरोनियम’ नावाचे मूलद्रव्य मांडले गेले, आणि ते कधीच सापडले नाही. १९४०च्या सुमारास ग्रोट्रियान आणि एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून उलगडले की ती रेषा लोखंडाचीच आहे, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. प्रभामंडलाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात आहे हे कोणी गृहीत धरलेच नव्हते. म्हणजे प्रारूप मोडले नाही, त्यात घातलेले तापमान चुकले होते. हेलियम आणि कोरोनियम या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत सांगून मुलांना विचारा : १८७० साली तुम्ही असता तर दोहोंतली कोणती खरी मानली असती आणि कशाच्या आधारावर?

हाताने करण्यासारखे काही हवे असेल तर जुन्या सीडीचा तुकडा आणि अरुंद फट लावलेला खोका घेऊन स्पिरिटच्या दिव्यात चिमूटभर मीठ टाका. सोडियमची पिवळी रेषा दिसेल. हेलियमची रेषा तिच्यापासून दोन नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर असते, त्यामुळे या खोक्यातून दोन्ही एकच वाटतील. लॉकियरना केवढ्या बारीक फरकावर विश्वास ठेवावा लागला, हे त्यावरून मुलांना समजेल.

राहिला कट्टा. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी लॉकियर आपली निरीक्षणपथके घेऊन विजयदुर्गला आले होते आणि तेथील निरीक्षणांचा वृत्तान्त त्यांनी प्रसिद्धही केला. तोवर हेलियम सापडून तीन वर्षे झाली होती. तेव्हा साहेब विजयदुर्गला आले हे पाहुण्यांना बेधडक सांगा. साल तेवढे तीस वर्षे पुढे न्या.